अर्धी अनामत, पूर्ण खर्च

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन झाले आणि नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा झाला. सातपुड्याच्या रांगा, नर्मदेचा काठ आणि तापीचे खोरे यांच्यात पसरलेल्या नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी या सहा तालुक्यांना त्यांचे जिल्हाधिकारी कार्यालय मिळाले. त्याच्या थोडे आधी, जून १९९८ मध्ये, केंद्र सरकारने दिल्लीत एक सर्वपक्षीय समिती नेमली होती. अध्यक्ष होते भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे ज्येष्ठ खासदार आणि माजी गृहमंत्री इंद्रजित गुप्त. सदस्यांत मनमोहन सिंग, सोमनाथ चटर्जी आणि मुंबईचे शिवसेना खासदार मधुकर सरपोतदार होते. उमेदवारांचा आणि पक्षांचा निवडणूक खर्च सरकारी तिजोरीतून द्यावा का, आणि द्यायचा तर कसा, हा समितीपुढचा प्रश्न होता.

नव्या जिल्ह्याचा आणि या समितीचा कागदोपत्री काही संबंध नाही. तरीही हा प्रश्न कोणासाठी विचारला जात होता ते पाहायचे असेल तर नंदुरबारसारखे दुसरे ठिकाण नाही. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्यातली जवळपास ७० टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. लोकसभेची जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव, जिल्ह्यातल्या विधानसभेच्या चारही जागा राखीव. राज्यातल्या मतदारसंघांची यादी सुरू होते ती इथूनच: लोकसभेचा क्रमांक एक नंदुरबार, विधानसभेचा क्रमांक एक अक्कलकुवा. इथे निवडणूक लढवणारा माणूस आदिवासी असतो हे राज्यघटनेने पक्के केले. त्याच्या प्रचाराचा पैसा कोठून यावा, या प्रश्नाला मात्र देशाने पाऊणशे वर्षांत उत्तर दिलेले नाही. हा लेख त्या राहून गेलेल्या उत्तराचा इतिहास आहे.

पाचशे आणि अडीचशे

१९५१ चा लोकप्रतिनिधित्व कायदा झाला तेव्हा लोकसभेच्या उमेदवाराची अनामत ५०० रुपये ठरली. अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराला ती निम्मी, म्हणजे २५० रुपये. विधानसभेसाठी हेच आकडे २५० आणि १२५ होते. ही सवलत आजही आहे. १९९६ मध्ये अनामत १०,००० आणि ५,००० झाली, २०१० पासून २५,००० आणि १२,५००. प्रत्येक वाढीत निम्म्याचे प्रमाण कायम राहिले. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मते मिळाली तर ही रक्कम परत मिळते, नाहीतर ती सरकारजमा होते.

या निम्म्या अनामतीत एक मोठे तत्त्व आहे. उमेदवार आर्थिकदृष्ट्या दुबळा असेल, तर केवळ पैशाअभावी त्याने निवडणुकीबाहेर राहू नये, ही जबाबदारी राज्याने पहिल्याच कायद्यात पत्करली. नंदुरबारमध्ये प्रत्येक उमेदवार अनुसूचित जमातीचाच असल्याने इथे अर्धी अनामत हाच नेहमीचा दर आहे.

पण ही जबाबदारी उमेदवारी अर्ज भरण्यापाशीच संपली. अर्ज मंजूर झाल्यावर जो खर्च सुरू होतो त्यात निम्मे काहीच नाही. डिझेल सर्वांना एकाच भावाने मिळते. जीपचे भाडे, भोंग्याचे भाडे, मंडप, छपाई, कार्यकर्त्यांचा चहा-नाश्ता यांत जमातीचा दाखला दाखवून सूट मिळत नाही. मतदान घेण्याचा सगळा खर्च सरकारने पहिल्यापासून उचलला आहे. १९५२ साठी मुंबईत विक्रोळीला गोदरेज कारखान्यात लाखो पोलादी मतपेट्या तयार झाल्या, त्या देशाच्या कानाकोपऱ्यांत पोहोचल्या आणि त्यांचे बिल सरकारने दिले. मतपेटी डोंगरावर चढवणे हे राष्ट्राचे काम ठरले. उमेदवाराने त्याच डोंगरावर जाऊन आपले म्हणणे मांडणे हे मात्र त्याचे खासगी काम राहिले.

डोंगराची किंमत

नंदुरबार लोकसभा मतदारसंघात जिल्ह्यातले चार आणि धुळे जिल्ह्यातले साक्री व शिरपूर असे सहा विधानसभा मतदारसंघ येतात. एकट्या जिल्ह्याचेच क्षेत्रफळ सुमारे सहा हजार चौरस किलोमीटर. बृहन्मुंबईत लोकसभेच्या सहा जागा आहेत आणि त्या सहांचे मिळून क्षेत्रफळ सहाशे चौरस किलोमीटरच्या आसपास. असे असूनही खर्चाची कमाल मर्यादा दोन्हीकडे एकच आहे. जानेवारी २०२२ पासून मोठ्या राज्यांत लोकसभेला ९५ लाख आणि विधानसभेला ४० लाख रुपये. दक्षिण मुंबईतल्या उमेदवारालाही तेवढेच आणि धडगावच्या घाटांतून फिरणाऱ्यालाही तेवढेच.

इथला प्रचार म्हणजे काय, हे नकाशा पाहिल्यावर थोडेफार कळते. तापीकाठचा शहादा-तळोद्याचा सपाट पट्टा सोडला की चांदसैलीचा घाट लागतो. पुढे धडगाव, तोरणमाळ, मोलगीचा परिसर. वस्ती गावठाणात एकत्र नसते, टेकड्यांवर पाड्यापाड्यांनी विखुरलेली असते. एका सभेत गाव संपत नाही. त्यातून नर्मदेकाठची गावे वेगळीच. सरदार सरोवरामुळे महाराष्ट्रातली ३३ गावे बाधित झाली, त्यांतली २४ अक्राणीतली आणि ९ अक्कलकुव्यातली. जलाशयाच्या काठावर उरलेल्या वस्त्यांकडे आजही बोटीने जावे लागते. राज्यातले पहिल्या क्रमांकाचे मतदान केंद्र म्हणून मणिबेलीचे नाव प्रत्येक निवडणुकीत वर्तमानपत्रांत येते. तिथे मतदान पथक जाते, सरकारी बोटीने जाते. उमेदवाराला जायचे तर बोट त्याने शोधायची आणि तिचे पैसेही त्यानेच द्यायचे.

भाषेचा खर्च वेगळा. नवापूरकडे मावची, सातपुड्यात पावरी आणि भिली, खाली अहिराणी, गुजरी आणि मराठी. एकच पत्रक सगळीकडे चालत नाही, एकच वक्ता सगळीकडे पोहोचत नाही. लोकसभेची निवडणूक उन्हाळ्यात येते. होळीचे आणि भोंगऱ्या बाजाराचे दिवस सरले की अनेक कुटुंबे मजुरीसाठी, ऊसतोडीसाठी गुजरातकडे गेलेली असतात किंवा परतीच्या वाटेवर असतात. मतदार गाठायचा तर आठवडे बाजार गाठावे लागतात आणि एका बाजारातून दुसऱ्या बाजारात जायला वाहन लागते.

या वाहनांपाशी सत्तेचा प्रश्न उभा राहतो. तापी खोऱ्यातली सुपीक जमीन, सहकारी साखर कारखाने, व्यापार आणि वाहतूक यांवरचा ताबा दीर्घकाळ बहुतांशी बिगर-आदिवासी हातांत राहिला. १९७१-७२ मध्ये शहाद्यात अंबरसिंग सुरतवंती यांच्या पुढाकाराने आदिवासी शेतमजूर उभे राहिले, पुढे श्रमिक संघटना झाली. त्या चळवळीचा गाभाच हा होता की आदिवासींच्या हातून जमिनी गेल्या होत्या आणि त्या परत मिळवायच्या होत्या. ज्या समाजाला हिरावलेल्या जमिनीसाठी लढावे लागले, त्या समाजातल्या उमेदवाराकडे जीपचा ताफा असणार कुठून? तो कोणाकडून तरी घ्यावा लागतो, आणि घेतलेल्याचे ओझे निवडून आल्यावरही उतरत नाही. आरक्षणामुळे आदिवासी माणूस निवडून येतो. निवडून आल्यावर तो कोणाच्या उपकारात राहील, हे आरक्षणाच्या हातात नाही.

टाटांचा अर्ज आणि छागलांचा इशारा

निवडणुकीच्या पैशाचा प्रश्न पहिल्यांदा गंभीरपणे उपस्थित झाला तो महाराष्ट्राच्याच भूमीवर, मुंबई उच्च न्यायालयात. १९५७ मध्ये टाटा आयर्न अँड स्टील कंपनीला राजकीय पक्षांना देणग्या देता याव्यात म्हणून आपल्या घटनापत्रात बदल करायचा होता. एका भागधारकाने त्याला विरोध केला. मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी कायद्याच्या चौकटीत कंपनीला परवानगी दिली, पण निकालपत्रात धोक्याची स्पष्ट सूचना लिहून ठेवली. कंपन्यांचा पैसा पक्षांकडे वाहू लागला तर लोकशाहीचा गळा आवळला जाऊ शकतो, संसदेने याकडे लक्ष द्यावे, असा त्या सूचनेचा आशय होता.

संसदेने १९६० मध्ये कंपन्यांच्या देणग्यांवर मर्यादा घातली आणि १९६९ मध्ये त्या पूर्ण बंद केल्या. पैशाची उघड वाट बुजली, पण तिच्या जागी दुसरी कोणतीही वाट काढून दिली नाही. निवडणुकीचा खर्च तर होतच होता. तो रोखीत आणि अंधारात गेला. १९८५ मध्ये कंपन्यांना पुन्हा मुभा मिळाली, तोवर रोखीचा रिवाज मुरला होता. याच काळात, १९७१-७२ मध्ये, संसदेच्या संयुक्त समितीने पक्षांच्या रास्त निवडणूक खर्चाचा भार हळूहळू सरकारने उचलावा असे सुचवले होते. ती शिफारस कागदावरच राहिली.

मग १९७४ आले. कंवरलाल गुप्ता विरुद्ध अमरनाथ चावला या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी निकाल दिला, की पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्च उमेदवाराच्या हिशेबात धरला पाहिजे. निकाल ऑक्टोबरात लागला आणि काही दिवसांतच वटहुकूम निघून त्याचा परिणाम पुसला गेला. पक्षाने आणि मित्रमंडळींनी केलेला खर्च उमेदवाराच्या मर्यादेबाहेर गेला. पाठीशी धनिक पक्ष असलेल्याला मर्यादेचा जाच उरला नाही. ज्याच्या मागे कोणी नाही त्यालाच ती मर्यादा लागू राहिली.

त्याच वर्षी जयप्रकाश नारायण यांनी ‘सिटिझन्स फॉर डेमॉक्रसी’च्या वतीने निवडणूक सुधारणांसाठी समिती नेमली. तिचे अध्यक्ष सासवडचे विठ्ठल महादेव तारकुंडे, मुंबई उच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती. समितीत अहमदाबादचे मराठी खासदार पु. ग. मावळंकरही होते. पक्षांचा सगळा खर्च हिशेबात धरावा, पक्षांनी हिशेब ठेवावेत आणि ते तपासले जावेत, यावर समितीने भर दिला. १९७५ मध्ये अहवाल आला आणि त्याच वर्षी जूनमध्ये आणीबाणी लागली. तारकुंड्यांचा अहवाल पुढच्या सगळ्या समित्यांनी वाचला, पण तो अमलात आणणारे सरकार मिळाले नाही.

एका खासदाराचा काळ

या काळाची लांबी नंदुरबारच्या एकाच माणसाच्या कारकिर्दीने मोजता येते. १९७७ च्या जनता लाटेतही ही जागा काँग्रेसच्या सुरूपसिंग नाईक यांनी राखली. ते राज्याच्या राजकारणात गेल्यावर १९८१ च्या पोटनिवडणुकीत नवापूरकडचे माणिकराव गावित लोकसभेत पोहोचले आणि २००९ पर्यंत सलग नऊ वेळा निवडून आले. २००९ मध्ये नव्या लोकसभेचे हंगामी अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. २०१४ मध्ये भाजपच्या हिना गावित यांनी त्यांचा पराभव केला.

गावितांनी पहिली निवडणूक लढवली तेव्हा लोकसभेची खर्चमर्यादा एक लाख रुपये होती. १९८४ मध्ये ती दीड लाख झाली, १९९६ मध्ये साडेचार लाख, १९९८ मध्ये पंधरा लाख, २००४ मध्ये पंचवीस लाख, २०१४ मध्ये सत्तर लाख. अनामत या काळात २५० वरून १२,५०० वर गेली, म्हणजे पन्नासपट. खर्चाची मर्यादा सत्तरपट झाली. यांत राज्य स्वतः किती भार घेते, हा रकाना मात्र पहिल्या निवडणुकीपासून शेवटच्यापर्यंत जवळजवळ रिकामाच राहिला.

वस्तू द्या, रोकड नको

१९९० मध्ये विश्वनाथ प्रताप सिंह सरकारचे कायदामंत्री दिनेश गोस्वामी यांच्या समितीने प्रथमच नेमकी यादी केली. उमेदवारांच्या वाहनांसाठी ठरावीक इंधन, ठरावीक ध्वनिक्षेपकांचे भाडे, मतदार यादीच्या जादा प्रती, आणि मतदारांना ओळखचिठ्ठ्या वाटण्याचे काम निवडणूक आयोगाकडे. ही यादी करणाऱ्यांना प्रचाराची प्रत्यक्ष माहिती होती. त्या काळात बूथगणिक चिठ्ठ्या लिहिणे आणि घरोघर वाटणे यांतच कार्यकर्त्यांचे दिवसचे दिवस जात. सातपुड्यात तर एकेका चिठ्ठीसाठी एकेक टेकडी चढावी लागे.

आठ वर्षांनी इंद्रजित गुप्त समितीने तोच धागा पुढे नेला. निवडणूक खर्च सरकारने करणे घटनेच्या, कायद्याच्या आणि लोकहिताच्या दृष्टीने पूर्णपणे समर्थनीय आहे, असे या समितीने निःसंदिग्धपणे लिहिले. तत्त्व मान्य करून पुढे तिने व्यवहार पाहिला. देशाची आर्थिक स्थिती बघता सुरुवात अंशतः व्हावी आणि मदत रोकड नसावी, वस्तुरूप असावी: इंधन, कागद, टपाल तिकिटे, मतदार यादीच्या प्रती, ध्वनिक्षेपक, दूरध्वनी. यासाठी स्वतंत्र निधी उभारावा. देशात तेव्हा सुमारे ६० कोटी मतदार होते. मतदारामागे १० रुपये धरून केंद्राने दरवर्षी ६०० कोटी द्यावेत आणि राज्यांनी मिळून तेवढीच भर घालावी. मदत हवी असलेल्या पक्षांनी हिशेब तपासून घ्यावेत आणि आयकर विवरणपत्रे भरावीत, ही अट होती.

ही मदत फक्त मान्यताप्राप्त राष्ट्रीय आणि प्रादेशिक पक्षांच्या उमेदवारांना मिळायची होती. अपक्षांना काहीही नाही. उगाच उभे राहणाऱ्यांची गर्दी वाढू नये, हा त्यामागचा हेतू समजण्यासारखा आहे. पण सातपुड्यात जमिनीसाठी, जंगलहक्कासाठी, विस्थापितांसाठी ज्यांनी वर्षानुवर्षे माणसे जोडली त्यांच्यापैकी कोणी उभा राहिला, तर मदत त्याच्या शेजारून निघून गेली असती. ज्याच्याकडे काही नाही त्याच्यासाठी योजना करताना ज्याच्याकडे पक्षही नाही तो बाहेर राहिला.

डिसेंबर १९९८ मध्ये अहवाल पूर्ण झाला. पुढच्या एप्रिलमध्ये वाजपेयी सरकार एका मताने पडले. सप्टेंबर १९९९ मध्ये महाराष्ट्रात लोकसभा आणि विधानसभेच्या निवडणुका एकत्र झाल्या. स्वतंत्र जिल्हा झाल्यानंतरची नंदुरबारची ती पहिली सार्वत्रिक निवडणूक. इंद्रजित गुप्त समितीने सुचवलेल्या इंधनातले एक लिटरही त्या निवडणुकीत कोणाला मिळाले नाही. फेब्रुवारी २००१ मध्ये इंद्रजित गुप्त गेले आणि अहवालाचा पाठपुरावा करणारा सर्वांत वजनदार आवाज थांबला.

थोडे आले ते असे

काहीच झाले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९९८ पासून मान्यताप्राप्त पक्षांना आकाशवाणी आणि दूरदर्शनवर मोफत वेळ मिळू लागला. २००३ च्या कायद्याने त्याला आधार दिला, मान्यताप्राप्त पक्षांच्या उमेदवारांना मतदार याद्या मोफत देण्याची तरतूद केली, २०,००० रुपयांवरच्या देणग्या जाहीर करणे पक्षांना बंधनकारक केले आणि १९७४ ची पळवाट बरीच अरुंद केली. पक्षाच्या ठरावीक मोठ्या नेत्यांच्या प्रवासखर्चाला तेवढी सूट राहिली. गेल्या दीड दशकात मतदार चिठ्ठ्या निवडणूक आयोग स्वतःच वाटतो. गोस्वामी समितीच्या यादीतली ती एक ओळ खरोखर अमलात आली आणि डोंगरी भागातल्या उमेदवाराचा मोठा भार उतरला.

२००३ च्या त्याच कायद्याने पक्षांना दिलेल्या देणग्यांवर करसवलत दिली. म्हणजे देणगी देणाऱ्याला जो कर माफ होतो, तेवढा पैसा सरकारच सोडते. सरकारी तिजोरीतून निवडणुकीला पैसा जातो तो या वाटेने आजही जातो. फरक एवढाच, की तो कोणाकडे जायचा हे कर भरणारी कंपनी किंवा धनिक व्यक्ती ठरवते. मोलगीच्या बाजारात मोहफुले विकणाऱ्या बाईच्या मताला त्या वाटपात जागा नाही.

परतफेडीचा मार्ग

जगातल्या अनेक लोकशाह्यांनी हा प्रश्न वस्तू वाटून सोडवला नाही. त्यांनी झालेल्या खर्चाची परतफेड केली. पश्चिम जर्मनीत १९६६ मध्ये घटनात्मक न्यायालयाने पक्षांना सरसकट सरकारी अनुदान देणे अवैध ठरवले, पण निवडणुकीच्या रास्त खर्चाची भरपाई करायला हरकत नाही असे सांगितले. १९६७ च्या कायद्याने नोंदलेल्या प्रत्येक मतदारामागे अडीच मार्क ठरले आणि ते पक्षांना मतांच्या प्रमाणात मिळू लागले. सुरुवातीला किमान अडीच टक्के मतांची अट होती. न्यायालयाने १९६८ मध्ये ती छोट्यांवर अन्याय करणारी ठरवली आणि अट अर्ध्या टक्क्यावर आली.

कॅनडाने १९७४ मध्ये उमेदवारांसाठी परतफेड सुरू केली. आज तिथे १० टक्के मते मिळवणाऱ्या उमेदवाराला खर्चाचा ६० टक्के भाग परत मिळतो. विरळ वस्तीच्या विस्तीर्ण मतदारसंघांत चौरस किलोमीटरच्या हिशेबाने खर्चमर्यादा वाढते, हेही तिथल्या कायद्यात आहे. फ्रान्समध्ये पाच टक्के मतांपुढे गेलेल्या उमेदवाराला खर्चमर्यादेच्या ४७.५ टक्क्यांपर्यंत रक्कम परत मिळते. या पद्धतींत राज्य प्रचाराआधी पैसे वाटत नाही. आधी बिले तपासते, मते मोजते आणि मग रक्कम देते.

भारतात तपासणीची ही यंत्रणा आज तयार आहे. प्रत्येक निवडणुकीत जिल्हा निवडणूक अधिकारी दरपत्रक ठरवतो, चहापासून मंडपापर्यंत. खर्च निरीक्षक येतात, उमेदवाराच्या हिशेबाशेजारी त्यांची छाया नोंदवही चालते, स्वतंत्र बँक खाते लागते, निकालानंतर ३० दिवसांत हिशेब द्यावा लागतो. न दिल्यास तीन वर्षे निवडणूक लढवता येत नाही. नंदुरबारच्या जिल्हाधिकारी कार्यालयात प्रत्येक उमेदवाराचा तपासलेला खर्च नोंदलेला असतो. परतफेडीला जे कागद लागतात ते सगळे तिथे आहेत, फक्त परतफेडीचा कायदा नाही.

रोख्यांनंतरचे नंदुरबार

२०१८ मध्ये देणगीदाराचे नाव गुप्त ठेवणारे निवडणूक रोखे आले. त्याआधी २०१७ मध्ये कंपन्यांच्या देणग्यांवरची नफ्याच्या प्रमाणातली मर्यादा काढून टाकली गेली होती. छागलांनी ज्याची भीती व्यक्त केली होती ते आता नाव झाकून होऊ लागले. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पाच न्यायमूर्तींच्या खंडपीठाने ही योजना घटनाबाह्य ठरवली. तोवर सुमारे साडेसोळा हजार कोटी रुपयांचे रोखे विकले गेले होते.

निकालानंतर तीनच महिन्यांनी, १३ मे २०२४ रोजी, नंदुरबारमध्ये मतदान झाले. त्याआधी मार्चमध्ये राहुल गांधींची यात्रा नंदुरबारमार्गेच महाराष्ट्रात शिरली होती आणि १० मे रोजी नरेंद्र मोदींची सभा इथे झाली होती. सुमारे ७० टक्के मतदान झाले, देशाच्या सरासरीहून जास्त. काँग्रेसचे गोवाल पाडवी यांना ७,४५,९९८ मते मिळाली आणि हिना गावित यांना ५,८६,८७८. बाकी सगळ्या उमेदवारांच्या अनामती गेल्या. ज्या मतदारसंघात मतदार इतक्या संख्येने बाहेर पडतात, तिथे दोन मोठ्या पक्षांबाहेरच्या कोणाचाही आवाज एक षष्ठांशाच्या जवळपासही पोहोचला नाही. याला अनेक कारणे आहेत. डोंगर चढायला लागणारा पैसा हे त्यांतले एक आहे.

आक्षेप आणि हिशेब

सरकारी खर्चावरचे आक्षेप खरे आहेत आणि त्यांना उत्तर दिले पाहिजे. २००२ मध्ये न्यायमूर्ती वेंकटचलय्या यांच्या अध्यक्षतेखालील राज्यघटना आढावा आयोगाने बजावले, की पक्षांवर कडक नियंत्रणे आल्याशिवाय सरकारी पैसा देऊ नये. नाहीतर काळा पैसा तसाच राहील आणि सरकारी पैसा त्यात मिसळेल. विधी आयोगानेही २०१५ च्या अहवालात पूर्ण सरकारी खर्चाला नकार दिला. आणि नंदुरबारमध्ये तर आणखी एक प्रश्न प्रामाणिकपणे विचारावा लागतो: ज्या जिल्ह्यात कुपोषणाचे प्रश्न अजून सुटलेले नाहीत तिथे उमेदवारांच्या जीपगाड्यांना सरकारने का पोसावे?

हिशेब करून पाहू. समजा तपासून मान्य झालेल्या खर्चाचा निम्मा भाग, कमाल मर्यादेच्या निम्म्यापर्यंत, पाच टक्के मते मिळवणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला परत दिला, तो पक्षाचा असो वा अपक्ष. २०२४ च्या नंदुरबारमध्ये दोघे पात्र ठरले असते. दोघांना मिळून जास्तीत जास्त ९५ लाख. मतदार सुमारे २० लाख आणि मुदत पाच वर्षे. मतदारामागे वर्षाला एक रुपयाहूनही कमी. देशातल्या ५४३ जागांवर सरासरी तीन उमेदवार पात्र धरले, तरी पाच वर्षांतून एकदा सुमारे पावणेआठशे कोटी. माजी मुख्य निवडणूक आयुक्त एस. वाय. कुरेशी यांनी पक्षांसाठी मतामागे १०० रुपयांची योजना सुचवली आहे. इथे मांडलेला आकडा तिच्यापुढे फारच लहान आहे.

कुपोषणाच्या प्रश्नाचे उत्तरही इथेच आहे. अंगणवाडीत आहार वेळेवर येतो की नाही, आश्रमशाळेत शिक्षक आहे की नाही, घाटातला रस्ता पहिल्या पावसात का वाहून जातो, हे ठासून विचारायला निर्भय प्रतिनिधी लागतो. ज्याच्या प्रचाराचा भार ठेकेदाराने उचलला त्याला रस्त्याबद्दल बोलताना आवाज चढवता येत नाही. निवडणुकीला दिलेला हा रुपया मुलांच्या ताटातून काढलेला नसेल. त्या ताटात काय पडते हे विचारणाऱ्या माणसाला मोकळे करण्यासाठी तो दिलेला असेल.

काळ्या पैशाचा आक्षेप परतफेडीच्या पद्धतीत सौम्य होतो, कारण इथे फक्त नोंदलेला खर्च परत मिळतो. खर्च दडवण्यात आज फायदा आहे. नोंदवण्यात फायदा ठेवला तर सवय बदलायला कारण मिळेल. ती एका निवडणुकीत बदलणार नाही. म्हणून सुरुवात मोजक्या ठिकाणी करावी, अनुसूचित जमातींसाठी राखीव असलेल्या लोकसभेच्या ४७ जागांपासून. ज्या उमेदवारांची अनामत १९५१ पासून निम्मी आहे, त्यांच्याच खर्चाचा निम्मा भार राज्याने उचलणे ही त्याच तत्त्वाची पुढची पायरी आहे. सोबत विस्तीर्ण आणि डोंगराळ मतदारसंघांसाठी प्रवासाचा वेगळा हिशेब असावा, आणि बोटीचे भाडे त्या हिशेबात आवर्जून यावे.

यासाठी लोकप्रतिनिधित्व कायद्यात दुरुस्ती लागेल आणि ती संसदच करू शकते. खासदाराला खासगी विधेयक मांडण्याचा अधिकार आहे. ते मंजूर झाले नाही तरी सभागृहाच्या कामकाजात नोंदले जाते, त्यावर चर्चा मागता येते, पुढच्या समितीला ते वाचावे लागते. दिल्लीतल्या समित्यांनी हा प्रश्न अनेकदा लिहून ठेवला आहे. आता हा प्रश्न डोंगर पायाखालचा असणाऱ्या कोणीतरी मांडायला हवा. नंदुरबारच्या खासदाराने, तो कोणत्याही पक्षाचा असो, हे विधेयक मांडावे आणि नंदुरबारच्या मतदारांनी पुढच्या प्रचारात प्रत्येक उमेदवाराकडून त्याचे वचन घ्यावे.